धरत धरत सोडणारा दोर

मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेत. आपली दांडी पालघर जिल्ह्यातली. बोईसरहून तारापूरच्या अंगाने समुद्राकडे निघालं की नवापूर, उच्छेळी या गावांच्या सोबतीने लागणारं हे मच्छीमारांचं गाव. तारापूरचं अणुवीज केंद्र इथून जवळ आहे. विमानतळ मात्र नाही, आणि लष्करी विमानतळाशी तर या गावाची काहीच सोयरीक नाही. तरीही लढाऊ विमान दोराने कसं थांबवतात, हे समजून घ्यायला सुरुवात इथूनच केलेली बरी. कारण चालत्या वजनाला दोराने आवरायचं कसं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला पुस्तक न उघडता ठाऊक असतं.

भरतीच्या पाण्यावर होडी किनाऱ्याकडे येते. खलाशी दोर फेकतो. तो झेलणारा दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला घालतो आणि पुढे दोर घट्ट आवळून धरत नाही. हाताखालून थोडा थोडा सरकू देतो. दोर खुंटावर घासत, करकरत सुटत जातो, होडीचा जोर ओसरतो आणि मग शेवटची गाठ बसते. नवशिक्याने घाईने गाठ आधीच मारली तर तीनपैकी एक गोष्ट नक्की होते : दोर तुटतो, खुंट उपटतो किंवा होडीची कडी निघून हातात येते.

यातल्या वेढ्यांची करामत गणिताने तपासता येते. दोर आणि लाकूड यांच्यातलं घर्षण मध्यम धरलं, तर खुंटाला घातलेले तीन पूर्ण वेढे हाताचा जोर पावणेतीनशे पटींच्या आसपास वाढवतात. माणूस दहा किलोच्या जोराने टोक धरून असेल, तर पलीकडे पावणेतीन टनांची ओढ तोलली जाते. पण खरं शहाणपण वेढ्यांच्या पुढचं आहे. किती धरायचं याहून किती सोडायचं, हे कळणं महत्त्वाचं. लष्करी धावपट्टीवर आडवी पडलेली अरेस्टर केबल हेच काम करते. फरक इतकाच, की तिच्या टोकाला होडी नसते. पंधरा टनांचं, तासाला अडीचशे किलोमीटर वेगाने सुटलेलं विमान असतं.

तीन मीटर की तीनशे मीटर?

भारतीय हवाई दलाचं जग्वार हे लढाऊ विमान घ्या. इंधन आणि शस्त्रं भरून ते पंधरा टनांच्या घरात जातं. समजा, उड्डाणासाठी ते धावू लागलं, वेग ताशी २५० किलोमीटरवर पोचला आणि त्याच क्षणी इंजिनात आगीचा इशारा लागला. उडायचं नाही, हे वैमानिकाने ठरवलं. पण आता थांबायचं कसं? विमानात साठलेली गतिज ऊर्जा आहे सुमारे ३६ मेगाज्यूल. महामार्गावर ताशी ८० च्या वेगाने धावणारे २५ टनांचे जवळपास सहा ट्रक एकदम थांबवण्याइतकी! ही सगळी ऊर्जा उष्णतेत बदलून पाण्यात सोडली, तर सव्वाशे लिटरच्या आसपास पाण्याला उकळी फुटेल.

ही ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते. प्रश्न एवढाच, की किती अंतरात. विमान तीन मीटरमध्ये अडवायचं म्हटलं तर सुमारे बाराशे टनांचा जोर लागेल. विमान चपटं होईल आणि वैमानिक वाचणार नाही. तेच काम तीनशे मीटरमध्ये केलं, तर सरासरी बारा टनांची ओढ पुरते. म्हणजे विमानाच्या स्वतःच्या वजनाहूनही कमी. वेळ लागतो साधारण साडेआठ सेकंद. अंतर शंभर पट वाढवलं की जोर शंभर पट घटतो. अरेस्टर केबलचं सगळं शास्त्र या एका भागाकारात आहे.

अशा केबलची गरज कधी पडते? ब्रेकचं तेल गळालं, उतरताना टायर फुटला, पुढचं चाक वळेना, किंवा उड्डाण अर्ध्यावर सोडावं लागलं की. कोकणात आणखी एक कारण दर वर्षी जूनमध्ये हजर होतं : पाऊस. धावपट्टीवर पाणी साचलेलं असेल, तर ठरावीक वेगाच्या वर टायर डांबराला टेकतच नाही, पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो. हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. लढाऊ विमानाच्या टायरमध्ये दाब दर चौरस इंचाला सव्वादोनशे पौंडांच्या आसपास असेल, तर ताशी सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वर ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही. चाकं जागच्या जागी थांबतात आणि विमान घसरत राहतं. दोराला मात्र ओल्या-कोरड्याशी देणंघेणं नसतं. तो जमिनीच्या घर्षणावर अवलंबूनच नाही.

वाळूच्या पिशव्या, नांगराच्या साखळ्या

दोराने विमान अडवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग झाला १८ जानेवारी १९११ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत. यूजीन इली या अमेरिकन वैमानिकाने आपलं कर्टिस विमान ‘पेन्सिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फळ्यांवर उतरवलं. फळ्यांवर २२ दोर आडवे ताणले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना पन्नास-पन्नास पौंडांची वाळूची पिशवी होती. विमानाखालच्या आकड्यांत एकामागून एक दोर अडकत गेले, पिशव्या फरफटत आल्या आणि विमान थांबलं. पाण्यात पडलोच तर तरंगता यावं म्हणून इलीने सायकलच्या ट्यूब अंगाला गुंडाळल्या होत्या. आज हसू येतं, पण त्या पिशव्यांची मांडणी बारकाईने बघा. पहिला झटका एका दोराचा, मग दोन, मग तीन. ओढ हळूहळू चढत जाते. धरत धरत सोडण्याची युक्ती पहिल्याच दिवशी सापडली होती.

पुढे जमिनीवरच्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकेने जी साधनं केली, त्यांतलं एक तर कोळ्यांना घरचंच वाटावं. धावपट्टीच्या दोन्ही कडांना जहाजाच्या नांगराच्या जाडजूड साखळ्या अंथरायच्या आणि त्यांची टोकं आडव्या केबलला जोडायची. विमानाने केबल ओढली की आधी एक कडी सरकते, मग दुसरी, मग दहावी, मग शंभरावी. विमान जितकं पुढे जाईल, तितकं जास्त लोखंड त्याच्या मागे लागतं. ही युक्ती स्वस्त आणि भरवशाची होती. खोट दोन ठिकाणी होती. ओढ शेवटाकडे वाढतच जायची. आणि एकदा वापरल्यावर टनावारी साखळी परत जागेवर अंथरताना माणसांची कंबर मोडायची. तोवर दुसरं विमान आकाशात घिरट्या घालत असेल, तर त्याने काय करायचं?

पट्टा, रीळ आणि पाणी

यावरचा आजचा तोडगा असा. धावपट्टीवर आडवी पडते ती जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीची पोलादी तारेची केबल. ती डांबराला चिकटून राहिली तर विमानाच्या शेपटीखालचा हूक तिच्यावरून घसरून जाईल. म्हणून तिच्यात ठरावीक अंतरावर रबराच्या जाड चकत्या ओवलेल्या असतात. त्यांच्यामुळे केबल जमिनीपासून काही सेंटिमीटर उचललेली राहते. अनेक देशांच्या लष्करी धावपट्ट्यांवर केबलच्या रेषेत मोठे पिवळे गोल रंगवलेले दिसतात. ‘दोर इथे आहे’ ही वैमानिकाला दिलेली ती खूण.

केबलची दोन्ही टोकं धावपट्टीच्या कडेला नायलॉनच्या रुंद पट्ट्याला जोडलेली असतात आणि तो पट्टा मोठ्या रिळावर गुंडाळलेला असतो. डावीकडे एक रीळ, उजवीकडे एक. हूक केबलमध्ये अडकला की पट्टा सुटू लागतो, रीळ गरगरतं आणि ब्रेक लागतो तो रिळाला.

ब्रेक दोन जातींचे. एका जातीत घर्षणाच्या चकत्या असतात. मोठ्या विमानाच्या चाकात असतात, तशाच. खुबी अशी की त्यांना दाबणारा तेलाचा पंप रिळाच्याच आसावर बसवलेला असतो. म्हणजे थांबवण्याची ताकद विमानच पुरवतं. वीज गेली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या जातीत रिळाच्या आसाला पाती लावून ती पाण्याने भरलेल्या बंद डब्यात फिरवतात. पाणी घुसळताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट, तर विरोध चौपट. वेगाने आलेल्या विमानाला हा ब्रेक आपोआप जास्त अडवतो, सावकाश आलेल्याला कमी. कुणी बटण दाबायला नको की वजन विचारायला नको.

पण मग विमानाचा वेग घटला की ब्रेक ढिला पडणार नाही का? याचं उत्तर पतंग उडवणाऱ्या पोराला माहीत असतं. फिरकीवर मांजा भरलेला असताना ती सावकाश फिरते. मांजा संपत आला, फिरकी बारीक झाली, की तेवढाच मांजा सुटायला ती सुसाट फिरू लागते. इथेही तसंच होतं. विमान मंदावतं, पण पट्टा सुटून रीळ बारीक होत जातं, म्हणून पात्यांचा वेग विमानाइतका उतरत नाही. शिवाय रिळाची त्रिज्या घटल्याने ब्रेकच्या त्याच पिळातून पट्ट्यावर जास्त ओढ येते. दोन्हींचा मेळ असा बसवलेला असतो, की विमानाला पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत जवळपास सारखीच ओढ लागावी. खुंटाशी उभा असलेला माणूस हाताच्या अंदाजाने जे करतो, ते इथे रिळाची जाडी करते.

विमान थांबलं की छोटं इंजिन लावून पट्टा परत गुंडाळायचा, केबल ताणून जागेवर आणायची, चकत्या तपासायच्या. काही मिनिटांत दोर पुढच्या विमानासाठी तयार.

दाबोळी : दोराची विद्या परत शिकताना

मराठी मुलखाला लागून या विद्येचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे गोव्यातली दाबोळी. पोर्तुगीजांनी बांधलेल्या या विमानतळावर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने बॉम्ब टाकले. गोवा मुक्त झाल्यावर तो नौदलाकडे आला आणि १९६४ साली ‘आयएनएस हंसा’ हा तळ सुलूरहून इथे हलला. हंसावरची विमानं ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर जात. त्या विक्रांतवर पहिलं जेट, म्हणजे सी हॉक विमान, १८ मे १९६१ रोजी उतरवलं होतं लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले. सी हॉक आणि अलिझे ही दोन्ही विमानं शेपटीखालच्या हूकने डेकवरची तार पकडून थांबत.

मग एक विचित्र गोष्ट घडली. १९८३ पासून सी हॅरियर विमानं आली. ती सरळ खाली, हेलिकॉप्टरसारखी उतरत. त्यांना तार लागेना. १९८७ मध्ये आलेल्या ‘विराट’ नौकेवर तारा नव्हत्याच. त्याच सुमारास अलिझे विमानांचंही विक्रांतवरून उडणं थांबलं. हूकने उतरण्याची विद्या भारतीय नौदलात पाव शतकभर जवळपास झोपून राहिली. २०१३ साली ‘विक्रमादित्य’ ताफ्यात आली, तिच्यावर मिग-२९के आली, आणि डेकवर तीन तारा पुन्हा ताणल्या गेल्या. जे आजोबांना येत होतं ते नातवंडांनी नव्याने शिकायचं, तसा हा प्रकार.

शिकायचं तर समुद्रावर जाण्याआधी जमिनीवर. त्यासाठी हंसाच्या आवारात नौकेच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती उभी केली गेली. एका टोकाला स्की-जंप, म्हणजे उड्डाणासाठी वर वळलेला चढ, आणि दुसरीकडे तारा व त्यांचे ब्रेक. असली सोय जगात मोजक्याच देशांकडे आहे. २० डिसेंबर २०१४ रोजी इथल्या चढावरून नौदलासाठी बनवलेलं तेजस पहिल्यांदा उडालं. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. पण उडण्याहून अडकणं अवघड. हूक तारेवर आपटून उडू नये, तारेचा झटका विमानाच्या सांगाड्याला पेलावा, चाकांचे पाय तुटू नयेत, हे सगळं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. त्यात पावणेपाच वर्षं गेली. १३ सप्टेंबर २०१९ रोजी मावळणकरांनी नौदलाचं तेजस दाबोळीच्या तारेत अडकवून थांबवलं. चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, ते विक्रमादित्यच्या डेकवर उतरले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तेजस नव्या, देशात बांधलेल्या विक्रांतवरही उतरलं.

नौकेवरची तार आणि जमिनीवरची आणीबाणीची तार या बहिणी खऱ्या, पण स्वभाव वेगळे. जमिनीवर तीनशे मीटर सोडायला जागा आहे. डेकवर जेमतेम नव्वद. ताशी २४० किलोमीटरवरून नव्वद मीटरमध्ये थांबायचं म्हणजे पावणेतीन सेकंदांचा खेळ, आणि गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट झटका. सत्तर किलोचा वैमानिक पट्ट्यांवर पावणेदोनशे किलोच्या जोराने पुढे लोटला जातो. जमिनीवर दोर धरायचा तर वैमानिक आधी इंजिन मंद करतो. नौकेवर नेमकं उलटं : चाकं डेकला टेकली की इंजिन पूर्ण जोरात. कारण हूक चुकला तर पुढे समुद्र आहे, आणि पुन्हा उडण्याइतका वेग हाताशी असलाच पाहिजे. थांबायचं आहे आणि पळायचंही आहे, अशी ती कसरत.

हूक नसेल तर जाळं

आता एक अडचण. जग्वारला हूक आहे, राफेललाही आहे. पण ज्यांच्यावर हवाई दलाची भिस्त राहिली, त्या मिग-२१ ला नव्हता. सुखोई-३० लाही नाही. ही विमानं उतरल्यावर मागे छत्री उघडतात. छत्री उघडली नाही आणि ब्रेकही गेले, तर दोर असून उपयोग काय?

अशा वेळी धावपट्टीच्या टोकाला उभं राहतं जाळं. नायलॉनच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचं, दोन खांबांमध्ये ताणलेलं. एरवी ते आडवं पडलेलं असतं. नियंत्रण कक्षातून इशारा मिळताच काही क्षणांत उभं राहतं. हे जाळं काम कसं करतं, हे सातपाटी-दांडीच्या पट्ट्यात समजावून सांगावं लागणार नाही. पापलेटसाठी पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यात मासा डोकं घालतो, तोंड पलीकडे जातं, पण कल्ले जाळ्याच्या छिद्रात अडकतात. विमानाचंही नाक पट्ट्यांमधून आरपार जातं आणि पंख अडकतात. पुढचं सगळं तेच : जाळ्याच्या टोकांना पट्टे, पट्ट्यांना रिळं, रिळांना ब्रेक. धागाही तोच नायलॉन, ज्याने मासेमारीतली सुताची आणि तागाची जाळी मागे सारली. भारतात अशी अरेस्टर जाळी विकसित करण्याचं काम संरक्षण संशोधन संस्थेच्या आग्रा इथल्या प्रयोगशाळेने केलं आहे. पॅराशूटवर काम करणारी प्रयोगशाळा ती हीच. कापड, पट्टे आणि शिवण यांचं तिचं ज्ञान इथे कामी आलं.

जाळ्यात सापडलेलं विमान थोडंफार चेपतं, खरचटतं. पण धावपट्टी संपल्यावर भिंत, रस्ता, वस्ती असते. त्यापुढे चेपलेला पत्रा स्वस्तच.

एकच धावपट्टी, दोन बिऱ्हाडं

दाबोळी असो की पुण्याचं लोहगाव, लष्करी विमानं आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर नांदतात. एकाची अडचण म्हणजे दुसऱ्याचा खोळंबा. ३ जानेवारी २०१८ रोजी दाबोळीत मिग-२९के धावपट्टीबाहेर जाऊन पेटलं. वैमानिक वाचला. ८ जून २०१९ रोजी उड्डाण करताना मिगची इंधनाची जादा टाकी धावपट्टीवर पडून आग लागली, आणि काही तास विमानतळ बंद राहिला. लढाऊ विमान दोराने वेळेवर अडवलं, तर ते धावपट्टीच्या मधोमध, धडधाकट उभं राहतं आणि ट्रॅक्टर लावून बाजूला नेता येतं. चिखलात रुतलेलं किंवा जळालेलं विमान काढायला दिवस जातो.

मग प्रवासी विमानालाही हूक का नको? एक तर त्याचं वजन कैक पट, आणि त्या ओढीसाठी सांगाडा बांधायचा तर रोजच्या प्रत्येक फेरीत तेवढं लोखंड वाहून न्यावं लागेल. दुसरं, केबल त्याला उलट त्रासाचीच. वेगात केबलवरून जाताना पुढच्या चाकाला ठोका बसतो. म्हणून सामायिक धावपट्ट्यांवर काही ठिकाणी खाचेत लपणारी, हवी तेव्हाच वर येणारी केबल बसवतात. प्रवासी विमानांसाठी परदेशात वेगळी युक्ती आहे. धावपट्टीच्या पुढे सच्छिद्र, ठिसूळ काँक्रीटचा थर. चाकं त्यात चुरा करत रुततात आणि विमान थांबतं. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर तो १९९६ मध्ये पहिल्यांदा घातला गेला. तीन वर्षांत त्याने एक विमान वाचवलंही.

पावसात असल्या जागेची किंमत काय असते, हे मुंबईने पाहिलं आहे. १ जुलै २०१९ च्या रात्री धो धो पावसात जयपूरहून आलेलं प्रवासी विमान मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. माणसं सुखरूप उतरली, पण देशातली एक सगळ्यात गजबजलेली धावपट्टी चार दिवस बंद पडली.

त्याच दिवसांत दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. माणसं अंगणात, पडवीत जाळी पसरून बसतात, दोर बोटांखालून सरकवतात. हवाई तळावर केबलची निगा राखणारी तुकडीही असंच करते. विमान उतरो न उतरो, तार बघायची, पट्टा बघायचा, चकत्या मोजायच्या. दोघंही शोधत असतात ती एकच गोष्ट : कुठला धागा उसवला आहे.